टोकआळीचा ओ

आमच्या कुंदनला मी तो रांगत होता तेव्हापासून ओळखते, म्हणून त्याच्याबद्दल नुसतं गोडगोड सांगणं मला जमायचं नाही. पोरगा सोन्यासारखा, पण अर्धा वेळ जमिनीवर नसतो. बोईसरला स्टेशनजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला आहे. कंपन्यांतले कामगार शिफ्टच्या बसमधून उतरून आपले बिघडलेले लॅपटॉप त्याच्यापुढे ठेवतात. हा त्यांच्याशी हिंदीत दोन वाक्यं बोलतो आणि तिसरं अर्धवट राहतं, कारण तोवर साहेब त्या यंत्राच्या पोटात उतरलेले असतात. येताना रिक्षात डबा विसरतो, छत्री विसरतो, एकदा चप्पल विसरून आला. पायातली चप्पल माणूस कशी विसरतो, हे मला आजवर कळलेलं नाही.

मी रुचिता, त्याची आतेबहीण. तारापूरजवळ खाडीच्या तोंडाशी आमचं मच्छीमारांचं गाव. गावच्या सोसायटीत मी बर्फाच्या आणि डिझेलच्या पावत्या फाडते आणि ज्याला बोलायला हवं त्याला बोलते. कुंदनचा बाप वामन, तो माझा सख्खा मामा. आणि कुंदनचं काही सांगायचं तर मामाच्या आवाजापासूनच सुरुवात करायला हवी.

मामा गावाची हाळी द्यायचा. भरती कधी लागणार, वारा फिरलाय, ढग आलेत, मासळी झाका, बर्फाची गाडी आली, सगळं गावाला मामाच्या तोंडून कळायचं. मोबाइल आले तरी हाळी बंद पडली नाही. बोंबील वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडवावर, वाळत घालणारी बाई ओल्या हातांनी फोन कुठे बघत बसणार? मामा प्रत्येक आळीच्या तोंडाशी उभा राहायचा, आळीचं नाव घेऊन हाक मारायचा आणि थांबायचा. आतून कुणीतरी ‘ओ’ दिला की पुढच्या आळीला. ओ नाही आला तर पुन्हा हाक. ओ आल्याशिवाय पाय उचलायचा नाही, हा त्याचा नेम, त्याच्या बापाचाही तोच. नुसतं ओरडलं म्हणजे हाळी होत नाही, कुणी ऐकली तर होते, असं तो म्हणायचा. कुंदन लहानपणी त्याचं बोट धरून फिरायचा आणि बाप थांबला की तिथंच त्याच्या मांडीला डोकं टेकून पेंगायचा. मला वाटतं, ती पेंग त्याच्या डोळ्यांतून अजून उतरलेली नाही.

कॉम्प्युटर शिकत होता तेव्हा एका उन्हाळ्यात त्याच्या डोक्यात आलं, मामाच्या सगळ्या हाळ्या रेकॉर्ड करायच्या. मागे समुद्राचा आवाज नको म्हणून मामाला गोधडीखाली बसवलं. आत बाप, लेक आणि एक मोबाइल, दुपारचं ऊन मी म्हणत होतं. मामा घामाने निथळत एकेक आळीचं नाव घेत होता आणि मधेच हसत होता. आम्ही बाहेर पोट धरून हसत होतो. याचा पुढे काय उपयोग व्हायचाय ते कुणाला ठाऊक होतं?

पुढच्याच वर्षी मामाला लकवा झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. पालघरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आरशासमोर बसून तोंडाचे व्यायाम करा, आ म्हणा, ओ म्हणा. मामाने दोन दिवस आरशात बघितलं आणि तिसऱ्या दिवशी आरसा पालथा घालून ठेवला. ज्याच्या आवाजावर गाव चालायचं त्याच्या तोंडून साधा हुंकार निघेना. मी घरी जाऊन रडले, खोटं कशाला बोलू.

कुंदन रडला नाही. त्याने एका कंपनीने काढून टाकलेला कॉम्प्युटर आणून सोसायटीत माझ्या टेबलाखाली ठेवला आणि त्यात स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम घातला. भरतीच्या वेळा, वारा, पावसाचा अंदाज तो प्रोग्रॅम इंटरनेटवरून आपला आपण घेतो. मग प्रत्येक आळीच्या तोंडाशी खांबावर लावलेल्या भोंग्यातून मामाच्या आवाजात हाळी देतो. खांबावरच घराच्या बेलसारखं एक बटण. आळीतल्या कुणीही येऊन दाबलं की ओ पोचला. नाही दाबलं तर आणखी दोनदा हाळी. पडद्यावर यातलं काहीच दिसत नाही. मी त्याच मशीनवर पावत्या काढत असते आणि प्रोग्रॅम मागच्या मागे चालू असतो. याला बॅकग्राउंड सर्व्हिस म्हणतात, असं कुंदनने सांगितलं. मी म्हटलं, म्हणजे माझ्यासारखीच, राबते आणि कुणाला दिसत नाही.

पहिल्या दिवशी संध्याकाळी हाळी झाली तेव्हा वलांडीवरच्या बायकांचे हात थांबले. ऊन पिवळं पडलं होतं, बोंबील वाऱ्यावर हलत होते, आणि मामाचा तरणा आवाज एका आळीतून दुसऱ्या आळीत चालत गेला. मामा घरी ओसरीवर खाटेवर बसला होता. त्याने डोळे मिटले आणि त्याचा डावा पाय जमिनीवर हळूहळू हलायला लागला, जसं काही तोच चालतोय. कुंदन खांबाला टेकून बघत होता. नंतर म्हणाला, बाबा काय गेलेला नाय ताई, नुसता आवाजाने फिरायला लागलाय.

बरीच वर्षं हे असंच छान चाललं. मग यंदा दिवाळीनंतर यंत्राला काय धाड भरली कुणास ठाऊक. एखादा दिवस बरं चालायचं, मग मामाचा आवाज ओढल्यासारखा यायचा. कुणी झोपेत बोलावं तसे शब्द लांबायचे, दोन शब्दांमध्ये इतकी फट पडायची की त्यात लाट येऊन जायची. माझी पावती निघायची नाही. मी बंद करून चालू केलं की पुन्हा सगळं ठणठणीत. शेवटी रोज सकाळी रीस्टार्ट करणं हे माझंच काम झालं. मी बेटेगावला लग्नाला गेले, ऑफिसला दोन दिवस कुलूप होतं, आणि नेमका तेव्हाच अवकाळी पाऊस आला. मासळी झाका, ही हाळी पाऊस पडून गेल्यावर आली. मी परतले तर जमना दारात उभी. वाळत आलेले तिचे बोंबील भिजून काळे पडले होते. तिने कुंदनला, मला, यंत्राला, सगळ्यांना एका ओळीत उभं करून धुतलं. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

सोसायटीचे चेअरमन नामदेवकाका. माणूस वाईट नाही, पण त्यांना नव्याची हौस. बोईसरच्या कुठल्याशा दुकानातून तयार भोंग्याची यंत्रणा आणायची, त्यात एका बाईचा गुळगुळीत आवाज असतो, असं त्यांनी सभेत सांगितलं. पुनवेपर्यंत कुंदनचं यंत्र सुधारलं तर ठीक, नाहीतर काढून टाकायचं. बायकाही गप्प राहिल्या. माया आहे म्हणून मासळी कोण भिजवणार?

कुंदनच्या तोंडचं पाणी पळालं. गावातून हा आवाज गेला तर बाप दुसऱ्यांदा मुका होणार, एवढंच त्याला दिसत होतं. त्यात घरातूनही साथ नव्हती. गेले काही महिने संध्याकाळच्या हाळीला मामा बिथरायचा. आधी शांत ऐकायचा, मग शेवटीशेवटी डावा हात समुद्राकडे करून जोरजोराने हलवायचा, खाटेवर काठी आपटायचा, डोळ्यांतून पाणी काढायचा. मामीला वाटायचं, स्वतःचाच गेलेला आवाज ऐकून त्याच्या जिवाला लागतंय.

“त्याला तरास होतो रे कुंदन,” मामी म्हणाली. “बंद कर ते. मेलेला आवाज कशाला फिरवतो गावात?”

कुंदन भाकरीचा तुकडा हातात धरून बसून राहिला, तो हातातच वाळला.

मग दुरुस्ती सुरू झाली. दुकानातून आला की तो थेट सोसायटीत. आधी मशीन उघडून धूळ काढली. मग व्हायरस शोधला. मग दुकानातून जादा रॅम आणून बसवली, म्हणजे मशीनची लक्षात ठेवायची जागा वाढवली. मशीन थोडं जास्त दिवस तगलं आणि पुन्हा पेंगायला लागलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, मी म्हटलं, अरे रोग कुठे आहे ते तर बघ. तो म्हणाला, बघतोय. आणि पडद्यावर एक आकडा लावून त्याच्यापुढे गालाला हात देऊन बसला.

तो आकडा म्हणजे त्याच्या प्रोग्रॅमने अडवलेली जागा. हाळी झाली की थोडा वाढायचा. हाळी संपली की खाली यायला हवा, तर येत नव्हता. भरती होती, ओहोटी नव्हती. कुंदनने मला समजावलं की प्रोग्रॅम कामापुरती जागा मागून घेतो आणि काम झालं की परत देतो. द्यायची राहिली तर तिला मेमरी लीक म्हणतात, गळती. मी म्हटलं, हे बरंय, गळती म्हणता आणि इथं तर नुसतं भरत चाललंय. तो बऱ्याच दिवसांनी हसला.

तीन संध्याकाळी मी त्याच्यासोबत बसले. घरी जायचं सोडून मी का बसले होते, मलाच कळत नव्हतं. त्या खिडकीतून खाडी दिसते. होड्या चिखलात बसलेल्या, पाणी दूर गेलेलं, उजेड मधासारखा आत येतो. आकडा वाढताना बघत बसलं की झापड यायची, आपणही कुठेतरी हळूहळू भरत चाललोय असं वाटायचं. कुंदन एकेक गोष्ट बंद करून बघत होता. भरतीच्या वेळा बंद केल्या, आकडा वाढतच राहिला. पावसाचा अंदाज बंद केला, तरी वाढला. मग तो आळ्यांवर आला. वरची आळी बंद, वाढला. मधली बंद, वाढला. देवळाची आळी बंद केली तरी आपला वाढतोच आहे. शेवटी टोकआळी बंद करून हाळी दिली. आकडा चढला, आणि उतरला.



टोकआळी म्हणजे गावाचं समुद्राकडचं टोक. मामाचं मूळ घर तिथलंच, कुंदनचा जन्म तिथला. समुद्र वर सरकला, भिंतीत पाणी शिरायला लागलं, तशी एकेक घर रिकामं होऊन माणसं वरच्या आळीत आली, कुणी बोईसरला भाड्याच्या खोलीत गेली. शेवटी एकटी येसूबाई राहिली होती, हट्टी म्हातारी. रोज संध्याकाळी खांबापाशी येऊन तीच बटण दाबायची. तिलाही दिवाळीत तिची मुलगी वाणगावला घेऊन गेली. म्हणजे यंत्र बिघडलं नव्हतं. टोकआळीतून ओ देणारं कुणी उरलं नव्हतं. तीन हाळ्या होऊन भोंगा गप्प व्हायचा, आम्हाला त्याची सवय झाली होती.

कुंदन खुर्चीत मागे रेलला. डोळे अर्धवट मिटलेले. त्याने प्रोग्रॅम लिहिला होता तो बापाचं बोट धरून शिकला तसाच. हाळी द्यायची, आणि ओ येईपर्यंत उभं राहायचं. किती वेळ, ते त्याने लिहिलंच नव्हतं, कारण मामाने कधी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर थोडं थांबून सोडून दिलं असतं. आमच्याकडे तसं नसतं.

“ताई, बाबा अजून तिथंच उभा हाय,” कुंदन म्हणाला. “रोजच्या रोज एकेक.”

आणि तो जसजसा सांगत गेला तसतसं मलाही दिसायला लागलं. टोकआळीच्या तोंडाशी वाळूत मामा उभा, खांद्यावर टॉवेल, तोंडाशी हात धरलेला. त्याच्या शेजारी कालच्या हाळीचा मामा. त्याच्या मागे परवाचा. भरतीचा मामा, वाऱ्याचा मामा, मासळी झाका सांगणारा मामा. वाळूवर नुसते मामाच मामा, सगळे रिकाम्या घरांकडे तोंड करून, आपापली हाक हातात धरून, सारखे बटणाकडे बघतायत, दाबलं का, दाबलं का. कुणी पाय उचलत नाही. त्या गर्दीतच यंत्राचा दम संपत होता. सकाळी मी रीस्टार्ट करायचे तेव्हा सगळे विरून जायचे आणि संध्याकाळी पहिला मामा पुन्हा येऊन उभा राहायचा. इतके दिवस मी कुंदनवर चिडत होते, तो राग कुठे गेला मला कळलं नाही.

उपाय आता सोपा होता. तिसऱ्या हाळीनंतर थोडं थांबायचं आणि ओ नाही आला तर सोडून द्यायचं. एका ओळीचं काम, तोच म्हणाला. पण ती ओळ लिहायला पठ्ठ्या हात लावेना. बापाचा नेम मोडायचा होता ना. मी म्हटलं, अरे शहाण्या, तिथे आता खेकडे राहतात, ते देणार आहेत का तुला ओ? बाहेर पाणी परत यायला लागलं होतं, चिखलातल्या होड्या एकेक करून हलायला लागल्या होत्या. मग त्याने खुर्ची पुढे ओढली.

“बाबाला घरी पाठवतो,” म्हणाला, आणि ती ओळ लिहिली.

पुनवेच्या संध्याकाळी सोसायटीसमोर सगळे जमले. नामदेवकाका पहिल्या खुर्चीत, जमना कमरेवर हात ठेवून दारात, मामीसुद्धा आली. कुंदनने हाळी दिली. वरच्या आळीतून ओ आला, मधल्या आळीतून आला, देवळाच्या आळीतून आला. टोकआळीला तीन हाका गेल्या आणि भोंगा शांत झाला. थोडा वेळ गेला. पडद्यावरचा आकडा खाली उतरला आणि होता तिथे येऊन थांबला. कुंदनने पुन्हा पुन्हा हाळी देऊन दाखवली. दर वेळी चढला, दर वेळी उतरला. नामदेवकाकांनी मान हलवली, म्हणाले, राहू दे हेच, परका आवाज नको. जमना म्हणाली, माझे बोंबील भिजले तर मी नाय सोडणार, आणि मग हळूच डोळे पुसले.

मी सुटकेचा श्वास टाकतेय तोच मामी घरी जाऊन धावत परत आली. ओसरीवरची खाट रिकामी होती. काठीही नव्हती.

लकव्यानंतर मामा अंगणापलीकडे गेलेला नव्हता. आम्ही आधी विहिरीकडे पळालो, मग देवळाकडे. कुंदन एकटाच थांबला. रस्त्यावरच्या वाळूत एका पायाचा ठसा होता आणि त्याच्या शेजारी दुसरा पाय ओढल्याची रेघ, समुद्राकडे गेलेली. तो त्या रेघेवरून धावत सुटला, मी त्याच्या मागे.

मामा टोकआळीत खांबाला धरून उभा होता. येसूबाई गेल्यापासून ते बटण खाऱ्या हवेने गंजून गेलं होतं. मामा डाव्या अंगठ्याने ते दाबत होता, पुन्हा पुन्हा, अंगठा गंजाने तांबडा झाला होता. बटण आत जातच नव्हतं. आम्हाला बघून त्याने तोच हात हलवला, घरी खाटेवर बसून रोज हलवायचा तसाच. तेव्हा कुठे आमच्या डोक्यात उजेड पडला. त्याला त्याचा आवाज कधीच टोचत नव्हता. त्याची हाक रोज संध्याकाळी या आळीत येऊन उभी राहत होती आणि तिला कुणी ओ देत नव्हतं. ते त्याला सहन होत नव्हतं, आणि सांगायला तोंड नव्हतं.

कुंदन बापाला उचलायला पुढे झाला. मामाने त्याला काठीने मागे सारलं. जाग्यावरून हलेना. मी म्हटलं, कुंदन, हाळी दे. तो समजला. त्याने खिशातून मोबाइल काढला आणि त्यावरूनच सोसायटीतल्या मशीनला टोकआळीची हाळी द्यायला लावली.

चंद्र नुकताच वर येत होता. खांबावरचा भोंगा खरखरला आणि मामाचा आवाज आला, गोधडीखालचा, हसू दाबलेला, तरणाबांड. टोकआळी, ओ टोकआळी, भरती लागली. रिकाम्या घरांतून तो आवाज आत गेला आणि परत आला. मामाने मान वर करून भोंग्याकडे बघितलं. त्याचे ओठ एका बाजूला ओढले गेले, गळ्याच्या शिरा फुगल्या, नुसती हवा बाहेर आली. दुसरी हाक गेली. कुंदनने दोन्ही हातांनी खांब धरला होता. तिसरी हाक गेली आणि भोंगा गप्प झाला.

“ओ,” मामा म्हणाला.

वाकडा, खरखरीत, पण ओच. वाचा गेल्यापासूनचा पहिला शब्द. कुंदन लहान मुलासारखा हमसून रडायला लागला, जे त्याने तेव्हा करायला हवं होतं. मामाने त्याच्या डोक्यावरून गंजका अंगठा फिरवला. मग त्याने काठी वाळूत रोवली, पाय उचलला आणि घराच्या वाटेला लागला.